दादाच्या अस्थी अजून घरीच आहेत

दादाच्या अस्थी वर्षभर आमच्या बाल्कनीत आहेत.

हौ, आज वर्षश्राद्ध झालं आणि विसर्जन अजून नाही. नातेवाइकांनो, फॅमिली ग्रुपवर कुजबुज करण्यापेक्षा इथेच वाचा.

तुम्ही म्हणता, बासरला गोदावरीत सोडा. काका म्हणतात, त्याचा जीव समुद्रात होता, विशाखापट्टणमला न्या.

आई कशालाच हो म्हणत नव्हती. आणि पोराला गती मिळणार नाही म्हणून तुम्ही तिलाच बोल लावत होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा दादा इथेच शहरात आबिड्सला नोकरी करायचा, गौलीगुड्यात राहायचा आणि सुट्ट्या साठवून समुद्रात कयाक वल्हवायचा.

एकटा. किनाऱ्याकिनाऱ्याने, दिवसचे दिवस.

दिसेल ते प्लास्टिक उचलायचा. कोळ्यांच्या वस्तीवर उतरून, समुद्रात कचरा टाकू नका म्हणून सांगायचा.

त्याची सगळ्यात लांबची सफर आमचं राज्य फुटून सगळा किनारा पलीकडच्या राज्यात गेला त्या वर्षीची. शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, कुणाच्या वाट्याला काय आलं. कोठी भागातला त्याचा दोस्त म्हणाला, "अरे मियाँ, समुंदर तो उनके हिस्से में गया. अब तू किसका कचरा उठारा?"

दादा हसला. पण त्या दिवशी घरी येऊन नीट जेवला नाही.

तो त्या सफरीला निघताना आई आणि मी विशाखापट्टणमला गेलो होतो. आईने समुद्राची पूजा केली, नारळ वाहिला. तो जरा आत गेल्यावर तिने घरून आणलेलं देवाचं निर्माल्य काढलं. कॅरीबॅगेत गच्च बांधलेलं. आपल्याकडे निर्माल्य पाण्यातच सोडतात ना, तिने गाठीसकट सोडलं.

दादाने ते बघितलं आणि बोट वळवली.

आईचा चेहराच उतरला. निघालेल्या माणसाने मागे फिरू नये, याचं बाळकडूच तिने आम्हाला पाजलेलं. ती हातानेच नको नको म्हणत होती. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर चिडणार.

त्याने पिशवी उचलली, निथळवली, बोटीत पायाशी ठेवली.

म्हणाला, "तू दिलंयस ना आई, मग माझ्याजवळ राहू दे."

आणि गेला.

रोज संध्याकाळी फोन करायचा. आज कुणी थांबून ऐकलं नाही, म्हणायचा. दिवसभर बोलायला माणूस नाही, रिकाम्या बाटल्या बोटीवर आपटतात तेवढाच आवाज.

परत आला तेव्हा नामपल्ली स्टेशनवर त्याला घ्यायला आम्ही दोघीच होतो.

तो गेला तो समुद्रात नाही. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅकने. तरी आईच्या मनातून त्याचं ते मागे फिरणं काही जाईना. अपशकुन झाला तो आपल्यामुळेच, हेच धरून बसली.

आज श्राद्धाचं जेवण चालू असताना काकांनी परत अस्थींचा विषय काढला.

आई शांतपणे म्हणाली, "पाण्यात काही टाकायचं नाही. तो उचलायला परत फिरेल. आता तरी त्याला सरळ जाऊ द्या."

काका ताटावरून उठून गेले. मी मात्र वर्षात पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

उद्या सकाळच्या बसने आम्ही नांदेडकडे, गावी जातोय. शेतात खड्डा करून अस्थी मातीत ठेवणार. सोबत कोण येतंय विचारलं, तर सगळ्यांनाच कामं निघाली. असू दे.

दादा, निवांत जा.

आणि बाकीच्यांनो, खाली हात जोडलेले इमोजी नकोत. परवा आम्ही परत येतोय. आईला त्याच्याविषयी खूप बोलायचं असतं आणि ऐकायला मी एकटीच आहे.

घरी या.