बसलेली भिंगरी

लहानपणी हा पोरगा एका जागी टिकेल तर शपथ! दोन घासांच्या मध्ये उठून घराला एक चक्कर मारून यायचा, तेव्हा कुठे पुढचा घास पोटात जायचा. म्हणून घरात त्याचं नाव पडलं भिंगरी. पुढे मिशा आल्या, लग्न झालं, टक्कलही पडलं, पण नाव काही सुटलं नाही. आणि अशी ही भिंगरी एकदा जी खुर्चीत बसली, ती बसलीच.

त्याचं असं झालं. कपडे धुण्याची यंत्रं विकणारी एक कंपनी होती. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लिहून उत्तरं द्यायची, तीही घरबसल्या, असं काम त्याला मिळालं. घरबसल्या! शेजारीपाजारी नुसते जळले. पण संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा होता, तो कुणाला दिसत नव्हता. हात जरा थांबला की दिवा पिवळा, आणि दिवा पिवळा झाला की कंपनीतल्या वरच्या बाईंचा निरोप हजर: "आहात ना?"

होता. तिथंच होता. बसून बसून पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि किती वेळ तसाच राहायचा. बायको औषधांच्या दुकानात कामाला. तिला कळायचं. तीच त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई स्पष्ट बोलल्या, "मधूनमधून उठून चालत जा. पायात रक्ताची गाठ झाली तर पाय जाईल, नाहीतर तुम्ही जाल."

बायकोनं शक्कल काढली. पाण्याचा तांब्या टेबलावरून उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तहान लागली की उठेल बापडा! यानं काय करावं? पाणी पिणंच सोडलं.

"अहो, तुम्ही माणूस आहात की निवडुंग?" ती म्हणाली. तो हसला, पण उठला नाही.

मग अण्णांनी कंबर कसली. अण्णा म्हणजे भिंगरीचे वडील. घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. गावात असा जिना नव्हता ज्याला त्यांच्या वहाणेचा आवाज ठाऊक नाही. एकदा कुत्रा मागे लागला, तर हे मीटरच्या खोलीत शिरले, आतून कडी घातली, आकडा टिपला, तिथंच एक डुलकी काढली आणि बाहेर आले, तोवर कुत्राही कंटाळून झोपलेला. असा माणूस.

अण्णांच्या खिशात घराची किल्ली असायची. पण ती काढायची नाही. दारात उभं राहायचं आणि घंटा दाबायची. मग भिंगरीला आतल्या खोलीतून दारापर्यंत यावंच लागे. अण्णा सकाळी दूध आणायला जात, मग काडेपेटी आणायला, मग नुसतेच खाली जाऊन वर येत.

"अण्णा, किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण पोरानं दार उघडलं की घरी आल्यासारखं वाटतं."

महिना-दीड महिन्यात पायांची सूज उतरू लागली. म्हातारा असा खूश, जणू पोरगा पुन्हा पहिलं पाऊल टाकतोय. पण दिवा सारखा पिवळा व्हायचा. शेवटी वरच्या बाईंनी लिहिलं, असंच चाललं तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल.

भिंगरीनं वायरमन बोलावला. दाराला विजेचं कुलूप बसवलं आणि त्याचं बटण टेबलाखाली. आता घंटा वाजली की हा बसल्या जागी बटण दाबी, टक्क, दार उघडं!

पहिल्या दिवशी अण्णा उंबऱ्यात थबकले. आत डोकावून पाहिलं. कोणीच नाही.

"वा रे वा," ते म्हणाले, "दार शिकलं आणि पोरगं विसरलं."

पण घंटा वाजवायची त्यांनी सोडली नाही. एखाद दिवशी येईल, असं त्यांना वाटत असावं.

एका दुपारी एक गिऱ्हाईकबाई लिहीत होत्या, आमचं यंत्र धुता धुता चालत चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं हो! भिंगरी उत्तर लिहू लागला, यंत्र सपाट जागी पक्कं बसवा. तेवढ्यात घंटा वाजली. त्यानं बटण दाबलं. पुन्हा वाजली, लांबलचक. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा अर्धवटच वाजली. "म्हाताऱ्याचा खेळ चाललाय," तो पुटपुटला आणि उत्तर पुरं केलं. वरच्या बाईंचे निरोप ऐकायला कानांवर हेडफोन होता. घंटा तेवढी त्यातून आत शिरायची, हाक शिरत नसे.

शेजारीणबाई थेट आत आल्या आणि त्यांनी त्याचा खांदा हलवला. "अहो, अण्णा पडलेत! दार सताड उघडं टाकून बसलात काय?"

तो ताडकन उठला आणि आडवा झाला. दोन्ही पाय लाकडासारखे बधिर. बाहेरच्या खोलीतून तो रांगत गेला. अण्णा दाराबाहेर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडले होते, खुबा मोडला होता. हातातल्या छत्रीच्या टोकानं ते घंटेपर्यंत पोहोचत होते, उंबऱ्यापर्यंत नाही. दार आपोआप उघडताना त्यांनी पाहिलं होतं.

रांगत येणाऱ्या पोराकडे पाहून ते म्हणाले, "आलास?"

अण्णा पुन्हा उभे राहिले नाहीत. खिडकीपाशी त्यांचा पलंग लावला. बायकोनं उशाशी एक पितळी घंटी ठेवली आणि बजावलं, "काही लागलं तर वाजवा, हे उठून येतील."

भिंगरीनं टेबलाखालचं बटण स्वतः उपटून काढलं. कानांवरचा हेडफोनही एका बाजूनं सरकवून ठेवू लागला, घंटी ऐकू यावी म्हणून. पाय पुन्हा सुजले आहेत. घंटी वाजत नाही. संध्याकाळी बायको येते, तेव्हा अण्णांचे ओठ कोरडे असतात आणि भरलेला तांब्या हाताला लागणार नाही इतका लांब असतो.

एकदा न राहवून त्यानं विचारलं, "अण्णा, घंटी का नाही वाजवलीत हो?"

"तुझा दिवा पिवळा होईल रे," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.