अंड्यांना लहरी बाधतात

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. रत्नागिरीहून देवरूखला जाणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर कापडाने झाकलेली टोपली होती. मागचा माणूस मोबाईलवर मोठ्याने व्हिडिओ बघत होता, पुढचा ओरडून जागेचा व्यवहार जुळवत होता आणि मी बातम्या लावल्या होत्या.

बाईंनी दोन्ही हात टोपलीवर पसरले, पिल्लांवर कोंबडी पंख पसरते तसे.

"मोबाईल बंद करा रे बाबांनो. खुडूक कोंबडीखाली ठेवायला अंडी नेत्ये. त्या लहरींनी आतला जीव मरतो."

आवाज चढला नाही, पण जीव घेतल्याचं पाप कुणालाच नको होतं. आधी मी फोन बंद केला, मग मागच्याने, मग पुढच्याने. कंडक्टरने तर तिकिटाचं मशीनही पाठीमागे धरलं.

बाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि त्या घोरू लागल्या.

देवरूख जवळ आल्यावर त्यांना जाग आली. टोपलीतलं एक अंडं काढून त्यांनी खिडकीच्या दांडीवर हलकेच टिचवलं. मी घाबरून खाली ओंजळ धरली. अंडं उकडलेलं होतं. पदराआड सोलून त्यांनी अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"लहरींचं मला काय कळतंय," त्या पुटपुटल्या. "पण झोप बरी लागते."

त्या उतरून गेल्यावर मागचा माणूस काळजीने पुढे वाकला. फोन अजून बंदच होता.

"जगली ना अंडी?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान डोलावली.