किशनने शोधलेलं केबलचं टोक

काल्हेरच्या आमच्या गोडाऊनमध्ये संगणकातलं कळणारा माणूस एकच, किशन. शेलार गावापलीकडच्या आदिवासी पाड्यावरचा, तिशीला आलेला. बाप शेठच्याच शेतावर मजुरीला. आमचा सर्व्हर ज्यावर चालायचा ते लिनक्स तो जुनी पुस्तकं वाचून स्वतः शिकला होता. आमचे शेठ केसरीनाथ त्याला चारचौघांत ‘आमचा जंगली इंजिनीअर’ म्हणायचे. आम्ही हसायचो, मीसुद्धा.

२००६च्या खंडेनवमीला शेठनी संगणकाची पूजा मांडली. टेबलामागे एका केबलचं टोक मोकळं लोंबत होतं. पूजेच्या जागी ते बरं दिसेना, म्हणून शेठनी ते नेटवर्कच्या डबीतल्या रिकाम्या भोकात खुपसलं. मी हार धरून शेजारीच उभा होतो.

दसऱ्यानंतर गोडाऊन उघडलं आणि सर्व्हर रखडला. माल सोडायचं चलन निघेना, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेठ किशनवर धावून गेले. “त्या मशीनला तुझ्याबिगर कोन हात लावतं? सांजपर्यंत चालू न्हाय झाली, तर उद्यापासून येऊ नको.”

किशनने आधी पाहिलं, की कोणता प्रोग्रॅम राबतोय. एकही नाही, तरी प्रोसेसर दमलेला. मग त्याने इंटरप्टचे आकडे काढले. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक, हातातलं सोड आणि आधी माझं बघ. आमच्या ऑफिसात दिवसभर किशनला पडायची तशीच. दहा सेकंदांनी आकडे पुन्हा घेऊन त्याने वजाबाकी केली. नेटवर्क कार्डाची ओळ तेवढी भरमसाट वाढली होती. सर्व्हरची केबल उपटताच मशीन शांत झालं, म्हणजे दुखणं बाहेरचं. तो टेबलाखाली शिरून एकेक केबल चाचपत गेला. एकीची दोन्ही टोकं त्याच डबीत निघाली. त्यामुळे नेटवर्कवरचे तेच ते निरोप आतल्या आत गरगरत, वाढत सर्व्हरवर आदळत होते. त्याने एक टोक काढलं आणि चलनं सुरू झाली.

“हे कोणीतरी लावलंय, शेठ. मी नाही,” तो म्हणाला. दारात ट्रकवाले उभे होते. शेठनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोणी लावलं.

“केबलचं सगळं किशनच बघतो,” मी म्हणालो. नोकरी मलाही हवी होती. आजही स्वतःची किळस येते.

किशन माझ्याकडे बघत राहिला. शेठ ट्रकवाल्यांकडे वळले.

“इतक्या लवकर गावलं, म्हंजे लावलेलं बी त्यानंच.”

मी मान डोलावली.