काट्याला जाब विचारणारे धूरतात्या

आमच्या परळच्या गिरणीत मापाच्या काट्यालाही जाब विचारणारा एकच माणूस होता. बॉयलरखात्यातले थोरले आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा घालणाऱ्यांतले वडीलधारे, मूळचे मालवणकडचे. सगळे त्यांना धूरतात्या म्हणत. मी फणसवाडीतून रोज चालत येणारा तिथला कारकून. बॉयलरमधून चिमणीकडे जाणारा धूर किती गरम आहे, हे दाखवणारे दोन काटे विलायतेहून आले होते. त्यांचे आकडे मी टिपून ठेवी. तात्या म्हणत, "आकड्याक एकट्याक इचारू नको रे. वाफेक इचार, कोळशाक इचार."

धूर जितका गरम, तितकी उष्णता फुकट गेली, असे गिरणीच्या इंग्रज साहेबांचे मत. पहिल्या बॉयलरचा काटा नेहमी खाली, दुसऱ्याचा वर. महिनाभराची वही पाहून त्यांनी दुसऱ्या बॉयलरवरच्या गणूला कामावरून काढायचे ठरवले. चार लेकरांचा बाप तो.

तात्या तडक साहेबांपुढे उभे राहिले. दुभाष्या मीच. "दोनय बॉयलर सारकोच कोळसो खातत," ते म्हणाले, "पण पयल्याची वाफ कमी. मगे धूर थंड कसो? तेच्यात भायरचो वारो मिसाळता."

साहेब हसले. तात्यांनी एक काकडा पेटवला आणि पहिल्या बॉयलरभोवतीच्या विटांच्या भिंतीवरून सावकाश फिरवला. मागच्या कोपऱ्यात ज्योत आडवी झाली आणि आत ओढली गेली. काजळीखाली बोटभर भेग होती! ती बुजवली, तसा पहिल्याचा काटा चढला, तो गणूच्या काट्याच्याही वर गेला. साहेबांनी गणूला काढायचा हुकूम मागे घेतला. गणू पाया पडायला वाकला, तर तात्या खेकसले, "पाया कसले पडतंस? दाब बघ, उतारता हा!"

प्लेगात निम्मी गिरणी गावाकडे पळाली. तात्यांनी बायकोमुलांना आगबोटीत बसवले आणि स्वतः कामावर परत आले. तीन आठवड्यांनी ते गेले. गणूने आणि मी खांदा दिला.

मृत्यूची नोंद करायला माझ्याबरोबर साहेबही आले. धंदा कोणता, असे विचारल्यावर मी म्हणालो, "इंजिनिअर."

नोंदणी कारकुनाने मान वर केली. "गिरणीतला आगवाला ना हा?"

मी काही बोलायच्या आत साहेब पुढे झाले. टेबलावर बोट टेकून म्हणाले, "इंजिनिअर लिखो."