खोक्यातले बूट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शाळेतल्या पीटीच्या सरांचं नाव आधी घेतो, आई-वडिलांचं नंतर. वडिलांना याचं कधी वाईट वाटलं नाही. तेही तसंच सांगायचे.

आमचं घर मेंढपाळांचं. पावसाळा सोडला तर वडील मेंढरं घेऊन फिरतीवर असत. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची. शेताला लेंडीखत, आम्हाला धान्य. मी तालुक्याच्या गावी मावशीकडं राहून शिकत होतो आणि दहावीनंतर कळपामागं जायचं, हे ठरलेलंच होतं. त्याबद्दल मला काही वाटतही नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस सर विचारत विचारत आमची मेंढरं बसली होती त्या शेतात आले. सायकल रस्त्यावर लावून ढेकळांतून चालत आले होते. वडिलांनी घोंगडी अंथरली.

"पोरगं पळतंय बरं," सर म्हणाले.

"मेंढरामागं पळतंयच की. त्याला साळा कशाला लागती?"

"पळण्यासाठी नाही मागत मी त्याला. गणित चांगलंय त्याचं. शहरात कॉलेजला घाला."

"अन् मेंढरं कोण बघंल? तुमी येता का?"

"येतो सुट्टीत," सर म्हणाले.

वडील हसले. पण पुढं दोन-तीन सुट्ट्यांत सर खरंच आले. मेंढरं वळवायला ते गळ्यातली शिट्टी फुंकायचे आणि सगळा कळप भलतीकडंच पळायचा. "मास्तर, शिट्टी नगा वाजवू, बसा गप झाडाखाली," असं वडील म्हणत, आणि सर बसत. मला त्यांनी शहरात आणून कॉलेजात घातलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली. आमच्या भावकीत पदवी घेणारा मी पहिला.

पळण्याचं म्हणाल तर शाळेत आम्ही काळ्या मातीच्या मैदानावर अनवाणीच पळायचो. एकदाच, जिल्ह्याच्या स्पर्धेला, सरांनी कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट आणून दिले. मला नाडी बांधता येत नव्हती. सर मैदानात गुडघ्यावर बसले, नाड्या बांधल्या आणि म्हणाले, "ध्यानात ठेव, दुखलं तरी सांगायचं नाही. सांगितलं की जास्त दुखतं." ही त्यांची नेहमीची शिकवण होती. कुशीत कळ येते, पोटरीत गोळा येतो, तेवढ्यापुरती ती खरीही होती. त्या स्पर्धेत मी शेवटून दुसरा आलो.

पदवीनंतर मला वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली आणि मी बजाजनगरला राहायला आलो. लग्न झालं, पोट सुटलं. तिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी पुन्हा पळायला लागलो. पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या रात्रपाळीची माणसं सोडत असायच्या. त्यांतली ओळखीची माणसं खिडकीतून विचारायची, "काय, बस चुकली काय?" रविवारी विभागातला एक मित्र बरोबर असे. तो पडेगावचा. मग आम्ही त्याच्या बाजूला, दौलताबादच्या रस्त्यानं पळायचो. तो माझ्याहून जाड होता आणि पळताना सारखा बोलायचा. दम लागला की एखाद्या म्हशीकडं बोट दाखवून म्हणायचा, "थांब, ही आमच्या पाहुण्याची हाय, विचारपूस करू."

सर निवृत्त झाले त्या वर्षी मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून पळण्याच्या बुटांचे दोन सारखे जोड घेतले. एक सरांना, एक मला. सरांनी खोकं उघडलं, बूट हातात घेऊन वास घेतला आणि पुन्हा खोक्यात ठेवला. "हिवाळ्यात शहरात ती पळायची स्पर्धा असते ना, तिथं आपण दोघं पळू," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांचं अंतर थोडं असतं म्हणे. मी उगाच गणवेश घालून शिट्ट्या मारल्या नाहीत, हे बघू दे शहराला." मी हो म्हणालो. सरांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

माझा जोड घरी आणल्यावर बायकोनं त्यावर हळद-कुंकू वाहिलं. मी तो खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, स्पर्धेच्या दिवशी काढायचा म्हणून. यात आमच्या घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. नवं लुगडं लग्नाला, नवा सदरा पोळ्याला, नवी पेटी परगावी जाताना. नवी वस्तू रोज वापरणं म्हणजे ती नासवणं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. सराव मी जुन्याच बुटांवर चालू ठेवला. त्यांचे तळवे टाचेच्या बाहेरच्या अंगाला इतके झिजले होते की बूट जमिनीवर ठेवला की कलंडायचा.

पावसाळा संपता संपता उजवी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं व्हायचं. न्हाणीघरापर्यंत मी भिंत धरून जायचो. थोडं चाललं की दुखणं विरायचं, म्हणून मी पळायला जायचो. पळताना पाय गरम झाला की काहीच वाटायचं नाही. मग कारखान्यात दिवसभर सिमेंटच्या फरशीवर, कडक बुटांत उभं राहायचं. संध्याकाळी खुर्चीतून उठलो की तोच खिळा.

बायकोनं तिच्या आईचा उपाय केला. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि पानांवर टाच दाबून उभं राहायचं. पानं चर्र वाजायची, वास यायचा, बरंही वाटायचं. इतकं बरं वाटायचं की मी पहाटे शेकून थेट पळायला निघायचो. मित्र विचारायचा, "कसं हाय खूर?" मी म्हणायचो, बरं आहे. दुखतं असं सांगायचं नाही, हे पक्कं होतं. एका रविवारी पडेगावच्या पुढं गेल्यावर मला पाऊलच टाकता येईना. मित्रानं एक रिक्षा थांबवली आणि चालकाला म्हणाला, "दादा, जरा हळू घ्या, आमचा घोडा लंगडा झालाय." रिक्षात बसल्यावर मात्र तो चेष्टा करायचा थांबला. "स्पर्धा जाऊ दे रे," तो म्हणाला. "सरांना सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हाड ठीक आहे म्हणाले आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी वयानं माझ्याहून बरीच लहान होती. तिनं पायाआधी बूट हातात घेतले, उलटे केले.

"काका, हेच घालून पळता?"

"हो."

"दुसरे नाहीत?"

"आहेत. नवे आहेत."

"मग ते कुठंयत?"

"कपाटात. स्पर्धेच्या दिवशी घालायचे म्हणून ठेवलेत."

तिनं बूट खाली ठेवले. "मग टाच पण कपाटातच ठेवायची होती," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. माझ्यासारखे पुष्कळ येतात, असं तिनं सांगितलं. तळव्याच्या कातडीखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजला आहे, रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला ओढला जातो, म्हणून सकाळी कळ येते. शेक घ्यायला तिची हरकत नव्हती. शेकून लगेच पळायला होती. काही आठवडे पळणं बंद. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेलनं पाऊल स्वतःकडं ओढायचं. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. बाटलीत पाणी भरून बर्फ करायचा आणि ती तळव्याखाली फिरवायची. घरात फरशीवर अनवाणी चालायचं नाही, मऊ चप्पल घालायची. "आणि नवे बूट आजपासून घाला, आधी घरात," ती म्हणाली. "स्पर्धेला कोरे बूट घातले तर फोड येतील, मग माझ्या नावानं खडे फोडाल."

घरात बूट घालून फिरणं आमच्याकडं कुणी केलेलं नव्हतं. मी देवघराची खोली सोडून बाकी घरात फिरू लागलो. बायको पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ऑफिसातून साहेब आलेत असं वाटतंय." दुखणं लगेच गेलं नाही. एक सकाळ बरी, दोन वाईट, असं बरेच दिवस चाललं. मी पहिल्यांदाच रोज सकाळी कुणालातरी खरं सांगू लागलो. बायको विचारायची, आज कसं आहे, आणि मी जसं असेल तसं सांगायचो. सांगितल्यानं ते वाढलं नाही.

पाऊल नीट पडायला लागल्यावर सरांचा फोन आला. "सराव चाललाय ना? माझा गुडघा थोडा कुरकुरतोय. चालायचंच. मी रोज शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतो." मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पुढच्या सुट्टीला मी गावी, सरांच्या घरी गेलो.

दार काकूंनी उघडलं. सर अजून मैदानावरून आले नव्हते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "लई सुजतंय हो. रात्री उशी घेतात गुडघ्याखाली, तरी झोप नाय. नाडी बांधायला वाकता येत नाय, मला बांधू देत नायत. डॉक्टरकडं चला म्हटलं की माझ्यावरच डाफरतात. तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा."

मी बैठकीत बसलो. समोर काचेचं कपाट होतं. त्यात शाळेला मिळालेले पेले, सरांचा गणवेशातला फोटो, आणि मधल्या फळीवर, खाली जरीचा रुमाल घालून, मी दिलेले बूट. तळव्यावर दुकानातला कागद तसाच चिकटलेला होता.

सर आले. दाराशी कठडा धरून क्षणभर थांबले, मग हात सोडून सरळ चालत आत आले. पायात जुने कॅनव्हासचे बूट होते, अंगठ्यापाशी फाटलेले, नाड्या सुटलेल्या.

"काय रे, टाच धरून बसला होतास म्हणे?" माझ्या मित्रानं कुठूनतरी नंबर मिळवून त्यांना कळवलं होतं.

"बरी आहे आता, सर. तुमचा गुडघा..."

"गुडघा आहे म्हणून दुखतोय. नसता तर दुखला असता का?" ते हसले. "चहा घे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. मला सरांना डॉक्टरांचं सांगायचं होतं, बुटांचं सांगायचं होतं. सर समोर बसले होते आणि मी खुर्चीच्या कडेवर, शाळेत बसायचो तसा बसलो होतो. चहा संपला. सरांनी स्पर्धेच्या रस्त्यात चढ किती आहे ते विचारलं, मी सांगितलं. मग मी निघालो.

परतीच्या एसटीत मी विचार केला. या गुडघ्यावर सर स्पर्धेपर्यंत रोज फेऱ्या मारणार होते, आणि त्यानंतर कदाचित फेऱ्या मारायचा प्रश्नच उरणार नव्हता. समोर असलो की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. फोनवर ते मला बोलू देत नाहीत. म्हणून घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. ते इथं देतो.

आदरणीय सर,

परवा मी येऊन गेलो, पण जे बोलायला आलो होतो ते बोललो नाही. आता लिहितो. वेडंवाकडं वाटलं तर पोरगं समजून सोडून द्या.

दुखलं तरी सांगायचं नाही, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. मी ते इतकी वर्षं पाळलं आणि टाच घेऊन बसलो. इथं बायकोनं मला रोज सकाळी दुखणं सांगायला लावलं, तेव्हा ते उतरू लागलं. तुमची शिकवण चुकीची होती असं मी म्हणत नाही. तेव्हा आम्ही लहान होतो आणि आमची दुखणीही लहान होती. तुमचा गुडघा तसा नाही. सर, तुमचा गुडघा दुखतो हे मी ओळखलं. दारात तुम्ही कठड्याला हात लावलात.

मीही बूट कपाटात ठेवले होते. आता घरात घालून फिरतो, बायको हसते. तुमच्या कपाटातले बूट मी बघितले. तुम्ही ते इतके जपलेत हे बघून मला बरं वाटलं, पण ते जपायला दिले नव्हते.

स्पर्धेत आपण दोघं जायचंच. नाव मी घातलं आहे. पळायचं की चालायचं की नुसतं कडेला उभं राहायचं, हे डॉक्टर म्हणतील तसं. मी तुमच्याबरोबर असेन, मला वेगळं पळायचं नाही. तोवर मैदानावरच्या फेऱ्या बंद ठेवा, एवढं माझं ऐका.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. तुम्ही मला न्यायला आमच्या मेंढरांत आला होतात, तेव्हा वडील नाही-होय करत होते आणि तुम्ही उठला नव्हतात. मीही उठणार नाही.

बूट तेवढे कपाटातून काढून ठेवा. नाड्या मी आल्यावर बांधतो. तुम्हाला वाकता येत नाही हे मला काकूंनी सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका.

तुमचा विद्यार्थी