बाळंतिणीच्या शेगडीतला कोळसा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं. तोंडाने बोलणं मला जड जातं, म्हणून लिहिते आहे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर आगरदांड्याच्या धक्क्यापासून जवळ. धाकट्या जावेला आई नव्हती, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. दीर मुंबईला गिरणीत होते. परत जाताना त्यांनी शेकाच्या कोळशासाठी दहा रुपये माझ्या हातात ठेवले.

बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, दार लोटून घ्यायचं आणि बाजेखाली शेगडी सरकवायची. वरून ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. त्यासाठी म्हसळ्याकडच्या रानातला लाकडी कोळसा आणायचा, आणि तोही अंगणात पुरता फुलवून मगच आत न्यायचा.

धक्क्यावर आगबोटीचा दगडी कोळसा स्वस्त मिळे. एका खलाशाकडून मी तीन रुपयांत पोतंभर घेतला. सात रुपये उरले. माहेरी भावाचं लग्न होतं आणि माझ्या लुगड्याला तीन ठिगळं होती. आग ती आगच, असं मनाशी म्हटलं. तरी शेगडीत वरच्या थराला मी लाकडी कोळशाचे तुकडे पसरत असे. म्हणजे हे लपवायचं आहे, हे मला ठाऊक होतं.

शेकायला म्हातारी सुईण येई. दुसऱ्या दिवशी तिने नाक वर केलं.

"ह्यो वास कसला गो सुनबाय?"

"कोळसा दमट आहे," मी म्हटलं आणि मूठभर ओवा जास्त टाकला.

जाऊ म्हणाली, "वयनी, डोकं फुटतंय माझं. दार उघडा ना जरा."

सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "शेक सोसत नाही आणि पोर तेवढं पायजे. आम्ही काय राणीच्या महालात बाळंत झालो?"

सुईण हसली. मीही हसले.

पाचव्या दिवशी दुपारी सुईण अंग चोळायला आली, तेव्हा जाऊ हाकेला ओ देईना. तान्ही मुलगी तिच्या कुशीत निळसर पडली होती. म्हातारीने दार लाथेने उघडलं, दोघींना ओढून ओटीवर आणलं आणि मुलीच्या तोंडात फुंकर घालत बसली. बऱ्याच वेळाने मुलगी रडली. जाऊ ओकली आणि शुद्धीवर आली.

मी शेगडी उचलून परसात नेली आणि माडाच्या आळ्यात उपडी केली. ते सोडून दुसरं काही केलं नाही.

सासूबाईंनी सगळा दोष सुईणीवर घातला. "म्हातारीनं धुरी जास्त घातली. डोळे गेलेत तिचे." बाराव्या दिवशी तिला लुगडं द्यायचं, पैसे द्यायचे, काही दिलं नाही. पुढे गावात तिला कुणी बाळंतपणाला बोलवीना. ती वाटेत दिसली की मी माडांच्या आडून जाई. अंगावर त्या सात रुपयांतून घेतलेलं लुगडं असे.

मुलगी पाच वर्षांची झाली तरी थंडीत तिची छाती वाजे. एकदा तिला पाठीवर थोपटत असताना मी जावेला सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," जाऊ म्हणाली. "भांडी घासायला परसातली राख घेतली तर तिच्यात दगडी कोळशाचे खडे. पण ह्याच घरात राहायचं होतं मला. वयनी, ते सात रुपये म्हातारीला द्या. आमच्या घरानं तिला बुडवलंय."

माडाच्या हिरांच्या केरसुण्या वळून विकल्या आणि पहिले चार रुपये नेऊन दिले. काय झालं होतं तेही सांगितलं. सुईणीने पैसे घेतले, मला बस म्हणाली नाही. उरलेले तीन घेऊन गेले तेव्हा तिने हात मागे घेतला.

"हे ऱ्हाऊ दे. माजं नाव गावात गेलंय, तुज्या-माज्यात न्हाय. विहिरीवर जाऊन सांग, मग ये."

मला चार बायकांत पाणी मागायलाही लाज वाटते. आठ दिवस मी कळशी घेऊन गेले आणि तशीच परत आले. नवव्या दिवशी रहाटाकडे बघत बोलले. कोळसा मी आणला होता, पैसे मी ठेवले, म्हातारीने दोघींना वाचवलं. रहाट थांबला. एक शेजारीण म्हणाली, "आता सांगतेस होय? आता कुणी बोलावलं तरी तिच्या हातानं पेज पण ढवळवत नाही."

खरंच होतं ते.

त्याच दुपारी मी सुईणीकडे गेले. तिने तीन रुपये माझ्या हातातून घेतले, दोनदा मोजले आणि कनवटीला लावले.

"सात झाले," ती म्हणाली.