वैरागडे मॅडमची बावीस नावं

वैरागडे मॅडम दरवर्षी सहावीच्या वर्गाला नदीवरच्या जुन्या पुलावर न्यायच्या. रेल्वे आणि रस्ता शेजारीशेजारी पेलणाऱ्या त्या पुलाच्या तोंडाशी इंग्रज साहेबाच्या नावाचा दगड होता. "पूल कोणं बांधला?" त्या विचारत. मुलं दगड वाचून साहेबाचं नाव सांगत. "त्यानं एक तरी गोटा उचलला का रे?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मॅडम सिंदी मेघेला एकट्या राहत. रविवारी डबा घेऊन समुद्रपूरची बस धरायच्या आणि नदीकाठच्या गावांत उतरायच्या. त्या पुलाचा इतिहास लिहीत होत्या. खांबांचे पाये खणताना आत गाडले गेलेले, पुरात वाहून गेलेले मजूर त्यांना नावानिशी हवे होते.

यमुनाबाई नावाच्या म्हातारीचा आजा असाच गेला होता. पण तिला नाव ठाऊक नव्हतं. "आमच्या घरी त्याले मोठा बाबाच म्हणत," ती म्हणाली. मॅडम तिच्याकडे तीन रविवार गेल्या. शेवटी तिच्या चुलत बहिणीला आठवलं. सोमवारी मॅडम स्टाफरूममध्ये शिरल्या त्या सांगतच, "सापडला सर! गोविंदा नाव होतं त्याचं!" अशी बावीस नावं जमली.

पुढे नवा पूल झाला. उद्घाटन समितीने स्मरणिका काढली, संपादक मी. मॅडमनी सगळं लिखाण विश्वासानं माझ्या हाती दिलं. ऐनवेळी पाहुण्यांचे फोटो वाढले. एक पान कमी करा, असा निरोप आला. मी नावांचं पान काढलं, बाकी लेख मॅडमच्या नावानं ठेवला. मॅडमना विचारलं नाही. त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं.

समारंभाला त्या यमुनाबाईंना घेऊन आल्या. मी व्यासपीठावर होतो. तिसऱ्या रांगेत मॅडम स्मरणिकेची पानं उलटत होत्या. पुन्हा पहिल्यापासून उलटत होत्या. म्हातारी वाकून काहीतरी विचारत होती.

नंतर त्या मला एवढंच म्हणाल्या, "माहं नाव कापायचं होतं ना सर. ते काऊन ठेवलं?"

त्यानंतर त्यांनी पुलाबद्दल लिहिलं नाही, मुलांनाही तिकडे नेलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो आणि नावं पुन्हा छापतो म्हणालो. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "मले काय सांगता? यमुनाबाईले सांगजा."

चार दिवसांनी मॅडम गेल्या. अंगणात माणसं जमली होती. यमुनाबाई काठी टेकत आल्या, मॅडमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन थांबल्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

"बाईचं पुस्तक छापलं ते सर आले हायेत म्हणे. तुमीच का?"

"नाही," मी म्हणालो.